तोच साचा, पण २० टक्के टाल्कचा दाणा घातला आणि पीस १ मिलीमीटर मोठा आला

चाकण_मोल्डर

नमस्कार मंडळी. चाकणला आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं लहान युनिट आहे. एअर फिल्टर बॉक्सचं एक झाकण आम्ही बरेच दिवस साध्या पीपी होमोपॉलिमरमध्ये (काही न मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) काढतोय. लांबी २४० मिमी, कडेला चार क्लिपा. इंजिनच्या उष्णतेने झाकण मध्ये वाकतं अशी ग्राहकाची तक्रार होती, म्हणून त्यांनी ड्रॉइंगमध्ये मटेरियल बदलून पीपी अधिक २० टक्के टाल्क (एका मऊ खनिजाची पूड) केलं. या मिश्रणाचा दाणा किलोमागे ८ टक्के स्वस्त मिळाला, त्यामुळे आम्हालाही बदल परवडेल असं वाटलं.

साचा तोच, मशीन तेच. आता होतंय असं : लांबी २४१ च्या आसपास येतेय. गेटजवळ (माल साच्यात शिरतो त्या तोंडाशी) चंदेरी रेघा दिसतात, आणि त्या रोज सारख्या नसतात, कधी जास्त कधी कमी. क्लिपा बसवताना कडकन तुटतात, पूर्वी एकही तुटत नव्हती. १०० ग्रॅमचा पीस ११५ ग्रॅमला गेलाय. दाणेवाला म्हणतो मशीनची सेटिंग चुकतेय. सेटिंगमध्ये काय बदलू? की दाणाच बदलायचा? आणि हे टाल्क नेमकं आत जाऊन करतं तरी काय, हे कुणी नीट समजावून सांगेल का? मशीनवरच्या पोरांनाही सांगायचंय.

रात्रपाळी

बॅरलचं (माल वितळतो ती नळी) तापमान १५-२० डिग्री वाढवून बघा, होल्डिंग प्रेशरही (साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब) वाढवा. फिलरचा (खनिज किंवा काच मिसळलेला) माल जड वाहतो.

कंपाउंडिंग_भोसरी

दादा, होल्डिंग वाढवू नका. पीस आधीच मोठा आहे, जास्त माल दाबलात तर आणखी मोठा येईल. जरा सविस्तर लिहिते. भोसरीत आमच्या ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरवरून (दाणा बनवायचं मशीन) टाल्कचा, कॅल्शियमचा (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट), ग्लासचा (काचेचे तंतू) दाणा वर्षानुवर्षं निघतोय, आणि साध्या पीपीवरून फिलरवर आलेल्या नव्या ग्राहकाचा पहिला फोन बहुतेक वेळा याच चार तक्रारींचा असतो. या चारही तक्रारींचं मूळ एका ठिकाणी आहे, ते कळलं की सेटिंग आपोआप सुचत जातं.

दाणा आपण किलोत विकत घेतो, साचा मात्र घनफळाने भरतो. साध्या पीपीची घनता ०.९० ते ०.९१, टाल्कची साधारण २.७५. म्हणजे पीपीपेक्षा टाल्क तिप्पट जड. १०० ग्रॅम दाण्यात २० ग्रॅम टाल्क असेल तर त्याचं घनफळ ७ घन सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त भरतं, आणि उरलेल्या ८० ग्रॅम पीपीचं ८८. टक्केवारी काढा : वजनाने २० टक्के असलेलं टाल्क पीसमध्ये जागा व्यापतं फक्त साडेसात टक्के. मिश्रणाची घनता येते १.०४ ते १.०५. तुमचा पीस १५ टक्क्यांनी जड झाला तो बरोबर तेवढाच व्हायला हवा होता. मशीन नीट भरतंय, दाण्यातही टाल्कचं प्रमाण ठीक दिसतंय.

आता खर्च बघा. किलोला ८ टक्के स्वस्त, पण पीसला १५ टक्के जास्त वजन. ०.९२ गुणिले १.१५ केलं तर १.०६ येतं. तुमचा पीस मटेरियलमध्ये ६ टक्क्यांनी महाग पडतोय. ग्राहकाला दर देताना हा हिशेब मांडा. मला याची फार कळकळ आहे, कारण फिलर म्हणजे स्वस्ताईची भर असं समजून पीसचा जुनाच दर लावणारी लहान युनिटं मी तोट्यात जाताना पाहिली आहेत. या झाकणात टाल्क उष्णतेत ताठ राहण्यासाठी घातलंय आणि त्याची किंमत ग्राहकाने द्यायला हवी.

लांबीचं गणित. साध्या पीपीसाठी साचा बनवताना टूलरूमने बहुधा दीड टक्का श्रिंकेज (थंड होताना आकसणं) धरलं असेल. म्हणजे २४० चा पीस मिळण्यासाठी कॅव्हिटी (साच्यातली पोकळी) कापली असेल सुमारे २४३.६५. टाल्क २० टक्के असताना श्रिंकेज १.१ च्या आसपास येतं. २४३.६५ मधून १.१ टक्का वजा करा, २४०.९७. हाच तुमचा १ मिलीमीटर. साचा आणि मशीन दोघंही आपापलं काम चोख करताहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मला ती फार महत्त्वाची वाटते. टाल्कने जागा साडेसात टक्के घेतली, पण श्रिंकेज सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी कमी केलं. नुसतं पीपी हटवून तेवढी जागा दगडाने भरली एवढंच घडलं असतं तर इतका फरक पडला नसता. फरक पडतो तो कणाच्या आकारामुळे. टाल्कचे कण चपटे, पापुद्र्यासारखे असतात. माल साच्यात वाहताना ते प्रवाहाच्या दिशेने आडवे झोपतात आणि थंड होताना आकसू पाहणाऱ्या पीपीला धरून ठेवतात. त्याच कारणाने पीस ताठ होतो. साध्या होमोपॉलिमरचं फ्लेक्सुरल मॉड्युलस (वाकण्याला होणारा विरोध) १४००-१५०० मेगापास्कल असतं, २० टक्के टाल्कने ते २२०० ते २५०० पर्यंत जातं. तेवढंच कॅल्शियम कार्बोनेट घातलं तर इतकं वाढत नाही, कारण त्याचे कण ओबडधोबड खड्यासारखे, लांबी-रुंदी-जाडी जवळपास सारखी. पण चांगला स्टिअरिक ॲसिड लावलेला बारीक कॅल्शियम नीट पसरला तर आघाताला टाल्कपेक्षा बरा टिकतो. ग्लास फायबर तर लांबट काडी, त्यामुळे ३० टक्के ग्लासच्या पीपीचं मॉड्युलस ६००० च्या आसपास जातं. म्हणून कुणी मला नुसतं 'फिलर किती टक्के' असं विचारलं की मी आधी कोणता, किती बारीक आणि कोणत्या आकाराचा ते विचारते.

सेटिंगने लांबी किती खाली येईल? होल्डिंग थोडं कमी करून आणि साच्याचं पाणी गरम ठेवून श्रिंकेज जरासं वाढवता येतं, एखाद-दोन दशांश मिलीमीटर मिळतील. त्यापलीकडे ओढाल तर जाड जागी सिंक मार्क (पृष्ठभागावर खळगे) येतील आणि सकाळच्या-रात्रीच्या पीसच्या मापात फरक पडू लागेल. ड्रॉइंगवरची टॉलरन्स अर्धा मिलीमीटरच्या आत असेल तर कॅव्हिटी लहान करावी लागेल. तसं करणं म्हणजे लोखंड भरायचं, वेल्डिंग किंवा इन्सर्ट. ते टूलरूमचे लोक नीट सांगतील. पण सोमवारी पुन्हा सेटिंग बदलून बघतो असं ग्राहकाला सांगू नका. मटेरियल बदललं तेव्हा श्रिंकेज बदलणारच होतं, आणि मटेरियल त्यांनी बदललंय.

चंदेरी रेघा. 'रोज सारख्या नसतात' हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरून ओलावा वाटतो. साधं पीपी पाणी धरत नाही, त्यामुळे तुमच्याकडे हॉपर ड्रायर कधी लागला नसेल. टाल्कच्या दाण्याला मात्र पृष्ठभागावर दमट हवा चिकटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गोणी उघडी राहिली तर त्रास होतोच. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी रेघा जास्त दिसतात का, तेवढं तपासा. दाणा ८० ते ९० डिग्रीला दोन तास सुकवा, आणि तासाभरात संपेल एवढाच हॉपरमध्ये ठेवा. सुकवूनही रेघा राहिल्या तर स्क्रूचा वेग आणि डीकॉम्प्रेशन (स्क्रू मागे ओढणं) तपासा, गेटमध्ये माल फार घासला जात नाही ना ते बघा.

बॅरल १५-२० डिग्री वाढवण्याबद्दल. माल जड वाहतो हे खरं, पण जेवढं वाटतं तेवढं नाही. अल्बर्ट आइनस्टाइन यांचं एक साधं सूत्र आहे : गोल कण विरळ असतील तर चिकटपणा कणांच्या घनफळाच्या अडीच पटीने वाढतो. साडेसात टक्क्यांना ते जेमतेम १९ टक्के होतात. टाल्कचे कण चपटे असल्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त वाढतो, पण गेटमधून माल वेगाने जाताना पीपीचं शिअर थिनिंग (वेगाने ढकललं की पातळ होणं) इतकं जोरात असतं की साध्या आणि टाल्कच्या मालातलं अंतर कमी होतं. म्हणून आधी इंजेक्शनचा वेग थोडा वाढवा. तापमान ५-१० डिग्रीपेक्षा जास्त चढवायची गरज बहुतेक पडत नाही.

एमएफआयचा कागद वाचताना मात्र जपा. एमएफआय म्हणजे २३० डिग्रीला २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम माल निघाला. हे ग्रॅम आहेत! टाल्कचा वितळलेला मालही साध्या पीपीपेक्षा १७ टक्के जड असतो. म्हणजे फिलरच्या दाण्याचा १५ एमएफआय हा घनफळाच्या हिशेबात साध्या पीपीच्या १३ सारखा वाहतो. दोन्ही कागदांवर १५ दिसलं म्हणून दोन्ही सारखेच वाहतील असं धरू नका.

आता चांगली बातमी. सायकल टाइम कमी होऊ शकतो आणि तो तुम्ही अजून घेतलेला दिसत नाही. खनिजाला तापायला किलोमागे पीपीच्या जवळजवळ निम्मीच उष्णता लागते, ते वितळतही नाही, आणि उष्णता पीपीपेक्षा चांगली वाहून नेतं. शिवाय टाल्क हे पीपीचं न्यूक्लिएटर आहे : स्फटिक टाल्कच्या पृष्ठभागावर लवकर, जास्त तापमानालाच धरू लागतात. पीस गरम असतानाच पुरेसा ताठ होतो, त्यामुळे आधी बाहेर काढता येतो. कूलिंग एकेक सेकंद कमी करत जा, प्रत्येक पायरीला काही पीस २४ तास ठेवून मापा. ते ६ टक्के तुम्हाला इथून काही अंशी परत मिळतील.

क्लिपा. इथे फिलरची दुसरी बाजू दिसते. टाल्क स्वतः ताणलं जात नाही, सगळा ताण मधल्या पीपीला सोसावा लागतो, त्यामुळे तुटण्याआधी पीस जितका लांबायचा तितका आता लांबत नाही. क्लिपेच्या मुळाशी ताण किती येतो ते काढा : दीड गुणिले जाडी गुणिले वाकवायचं अंतर, भागिले लांबीचा वर्ग. समजा क्लिप २ मिमी जाड, १२ मिमी लांब आणि बसताना दीड मिमी वाकते. उत्तर येतं ३.१ टक्के. साधं पीपी एवढं सहज सोसतं. टाल्कच्या मालाला मी २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. तीच क्लिप १५ मिमी लांब केली की ताण बरोबर २ वर येतो. लांबी वाढवायला जागा नसेल तर मुळाशी गोलाई वाढवा, किंवा दाणेवाल्याकडे इम्पॅक्ट कोपॉलिमरवर (धक्का सोसणारं पीपी) बनवलेला, बारीक टाल्कचा ग्रेड मागा. बारीक टाल्कने आघात चांगला सोसतो. तो महाग असतो, कारण फार बारीक टाल्क हवेसारखं हलकं उडतं, फीडरमध्ये नीट पडत नाही, आणि त्यातली हवा व्हेंटमधून ओढून काढेपर्यंत एक्स्ट्रूडरचा वेग निम्म्यावर येतो. पण तुमच्या झाकणाला तोच योग्य आहे असं मला वाटतं.

चाकण_मोल्डर

ताई, मनापासून आभार. तुमचं घनफळाचं गणित फळ्यावर लिहून मशीनवरच्या पोरांना दाखवलं. दाणा सुकवल्यावर रेघा गेल्या, आणि शुक्रवारचा अंदाज खरा निघाला, गुरुवारी गोणी उघडीच राहत होती. क्लिपेची लांबी ११ आहे, म्हणजे ताण तुम्ही धरलात त्याहून जास्त. ग्राहकाच्या डिझाइनवाल्यांना आकडे पाठवले आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, दुसऱ्या एका दाणेवाल्याने याच मालाचा भाव बराच कमी सांगितलाय. आमच्या पर्चेसला शंका आहे की तो टाल्कच्या जागी कॅल्शियम घालतो. घरच्या घरी तपासता येईल का? दोन, त्याच ग्राहकाला एक ब्रॅकेट ३० टक्के ग्लासच्या पीपीमध्ये हवंय. मशीन साधंच आहे, चालेल का?

टूलरूम_तळवडे

ग्लासबद्दल मी सांगतो. टाल्क हे सर्वांत मऊ खनिज, मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर १. त्याने साच्याला काही होत नाही. कॅल्शियम ३. ग्लास साडेपाच-सहाच्या घरात. साध्या पी२० पोलादाच्या साच्यात ग्लास चालवलं तर पहिल्यांदा गेट खातं, मग कोर पिन. गेटला एच१३ किंवा डी२ पोलादाचा हार्डन केलेला इन्सर्ट आधीपासूनच बसवा, पुढे तेवढाच बदलता येतो. मशीनचं बॅरल बायमेटॅलिक (आतून कठीण धातूचं अस्तर असलेलं) नसेल तर चेक रिंग (माल मागे येऊ न देणारी कडी) पहिल्यांदा घासेल. कुशन (स्क्रूपुढे उरणारा माल) टिकत नाही असं दिसलं की तिकडेच बघा.

झाकणाच्या साच्याबद्दल ताईंचं बरोबर आहे. कॅव्हिटी मोठी करायची असती तर लोखंड कापून झालं असतं, इथे भरायचंय. टोकाला इन्सर्ट बसतो का ते आधी बघा, वेल्डिंगने टेक्स्चरवर डाग राहतो.

कंपाउंडिंग_भोसरी

कॅल्शियमची शंका घरी तपासता येते. नुसतं वजन करून मात्र कळणार नाही, टाल्क आणि कॅल्शियम दोघांची घनता २.७ च्या जवळ आहे. घनतेवरून फिलर किती आहे ते कळतं, कोणतं ते कळत नाही.

थोडा दाणा मोजून पोर्सेलीनच्या क्रुसिबलमध्ये घ्या, मफल फर्नेसमध्ये ५५०-६०० डिग्रीला पूर्ण जाळा, धूर बाहेर जाईल अशी व्यवस्था हवी. मागे राहिलेली राख तोला. २० टक्क्यांच्या जवळ आली की प्रमाण बरोबर. मग ती राख थंड करून त्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. फसफसून आली तर कॅल्शियम आहे. टाल्क फसफसत नाही. राजस्थानातून येणाऱ्या काही टाल्कमध्ये निसर्गतःच थोडं कार्बोनेट असतं, त्याने मंद बुडबुडे येतील, तेवढ्यावरून दाणेवाल्याला दोष देऊ नका. जोरात उसळलं तरच बोला.

फर्नेसचं तापमान जपा. ९०० डिग्रीला नेलंत तर कॅल्शियम कार्बोनेटचा चुना होतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० चे ५६ उरतात. २० टक्क्यांचा माल मग ११ टक्के दिसेल आणि दाणेवाल्याशी फुकट भांडण होईल.

कॅल्शियम वाईट असतं असं मुळीच नाही. खुर्च्या, विणलेल्या गोण्या, पाइप यांत ते योग्य ठिकाणी वापरतात. पण उष्णतेत ताठ राहायचं म्हणून टाल्क मागितलं असताना कॅल्शियम देणं म्हणजे ग्राहकाच्या झाकणाचं पुन्हा तेच वाकणं. आणखी एक विचारा त्या दाणेवाल्याला : उष्णतेत टिकण्यासाठी स्टॅबिलायझर (अँटिऑक्सिडंट) किती घातलंय? टाल्कचा पृष्ठभाग अँटिऑक्सिडंट शोषून घेतो, आणि त्यात लोह असेल तर पीपी आणखी लवकर खराब होतं. इंजिनजवळच्या पीससाठी साध्या पीपीएवढंच अँटिऑक्सिडंट पुरत नाही. स्वस्त भाव पुष्कळदा इथूनच निघतो. ओव्हनमध्ये १५० डिग्रीला दोन्हींचे पीस शेजारी शेजारी ठेवा, कोणता आधी भुरभुरीत होतो ते बघा.

ग्लासचं ब्रॅकेट चालेल, पण टाल्कवर शिकलेलं सगळं तिकडे लावू नका. ३० टक्के ग्लास घनफळाने १३ टक्के असतं. आमच्याकडे ग्लास येतं तेव्हा काडी ३ ते ४.५ मिमी लांब असते. एक्स्ट्रूडर, तुमचा स्क्रू, नॉझल, रनर, गेट यांतून जाऊन पीसमध्ये पोचेपर्यंत ती बरीचशी अर्ध्या मिलीमीटरच्या आत आलेली असते. बळ काडीच्या लांबीत आहे, म्हणून ती वाचवायची : बॅक प्रेशर शक्य तितकं कमी, स्क्रू सावकाश, गेट मोठं, आणि रिग्राइंड (दळून परत वापरलेला माल) मोजकंच, कारण ग्राइंडरमध्ये काडी पुन्हा तुटते. दाण्यात मॅलेइक अनहायड्राइडवालं कपलिंग आहे ना तेही विचारा. त्याच्याशिवाय पीपी काचेला धरत नाही, ताण आला की काडी नुसती निसटून येते.

आणि पीस वाकणार हे गृहीत धरा. टाल्कचे पापुद्रे आडवे झोपतात म्हणून लांबी-रुंदीत श्रिंकेज बहुधा जवळपास सारखं येतं. ग्लासच्या काड्या एकाच दिशेला रांग धरतात : प्रवाहाच्या दिशेला श्रिंकेज साधारण ०.३ टक्के, आडव्या दिशेला त्याच्या दुप्पट-तिप्पट. सपाट ब्रॅकेट त्यामुळे पिळतं. वेल्ड लाइनवर (मालाचे दोन प्रवाह जिथे भेटतात) तर काड्या एकमेकींत शिरतच नाहीत, तिथलं बळ साध्या मालाएवढंही धरू नका. बोल्टचं भोक जिथे आहे तिथेच वेल्ड लाइन आली तर ब्रॅकेट तिथूनच जाईल. गेट कुठे द्यायचं हा या पीसमधला सगळ्यात मोठा निर्णय आहे. साचा कापायच्या आधी ड्रॉइंग टाका, भोकं आणि भार कोणत्या दिशेने येतो तेवढं दाखवा, मग गेटची जागा सुचवते.